बारावं दार

सासऱ्यांनी "मी येणार नाही म्हणजे नाही" असं तीन दिवस लावून धरलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या कपातून मान वर न करता म्हणाले, "माझंही तिकीट काढा."

सुनेच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

तशी ती संशयी म्हणून घरात प्रसिद्धच होती. न्यायालयाच्या इमारतीच्या दाराशी, लोकांच्या पिशव्या आतून दाखवणाऱ्या पडद्यापुढे ती अकरा वर्षं बसत होती. छत्री, डबा, चाव्या, चष्मा. हजार पिशव्या साध्यासुध्या निघतात, पण हजार एकाव्या पिशवीकडेही तेवढंच डोळे फाडून बघावं लागतं. घरी आली तरी डोळे मिटत नसत. नवरा म्हणायचा, "हिला फुलांचा गुच्छ दिला तर ही आधी देठ मोजेल." नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. नवशिक्यांच्या शेजारी बसून पोट भरायचं तर जगावर विश्वास टाकावाच लागतो, तसा तो टाकायचा. चार दिवसांच्या या जहाजसहलीचा घाट त्यानेच घातला होता, आणि तोही मुख्यतः बापासाठी.

कारण बापाचं अख्खं आयुष्य जहाजांच्या कारखान्यात गेलं होतं. आधी फिटर, मग तपासनीस. कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली, तरी हातातली मोजपट्टी काही सुटली नव्हती. शेजारीपाजारी त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. कुणाकडे नवं कपाट आलं की हे बोलावल्याशिवाय जाऊन ते किती कललंय ते सांगून येत. असा माणूस जहाजावर हरखून जाईल असं कुणालाही वाटलं असतं. पण नवऱ्याने जहाजाचं रंगीत माहितीपत्रक पुढे ठेवलं तेव्हा ते पहिल्या पानावर हसले, दुसऱ्या पानावर थांबले, आणि तिसऱ्या पानावरचा जिन्याचा फोटो त्यांनी भिंग लावून इतका वेळ बघितला की चहावर साय धरली. मग म्हणाले, "नको. दुसरीकडे जाऊ. डोंगरात जाऊ."

"बाबा, तुम्हाला डोंगर चढवत नाही."

"मग घरी बसू."

त्यानंतर तीन दिवस नकाराचे, आणि मग ते चहाच्या कपातलं तिकीट.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, एकट्या माणसाचं मन हलतं कधी इकडे कधी तिकडे. पण निघायच्या आठवडाभर आधी तिकिटांचं आणि ओळखपत्रांचं पाकीट घरातून गायब झालं. दोन दिवस घर उलथंपालथं केलं. शेवटी ते सासऱ्यांच्या ट्रंकेत, हिवाळी कपड्यांच्या तळाशी सापडलं.

"सांभाळून ठेवलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही कुठेही टाकता."

नवऱ्याने मान डोलावली. तिने डोलावली नाही. एखादी गोष्ट सांभाळून ठेवणारा माणूस दोन दिवस सगळे शोधत असताना शेजारी बसून शेंगा सोलत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. विसरायला लागलेत की काय? की दुखणं लपवताहेत? तिने त्यांच्या औषधांच्या गोळ्या गुपचूप मोजल्या. बरोबर होत्या. त्यामुळे तिला आणखीच काळजी वाटली.

मग निघायचा दिवस उजाडला आणि दुपारी बाराच्या सुमारास सगळे बंदरावरच्या लांबलचक रांगेत उभे राहिले. ती, नवरा, सासरे, आणि नऊ वर्षांची भिंगरी, जिला हे नाव एका जागी न टिकण्यावरून पडलं होतं. काचेपलीकडे जहाज इतकं मोठं होतं की ते जहाज वाटतच नव्हतं, समोर एखादी पांढरी वसाहत उभी आहे असं वाटत होतं. भिंगरी मजले मोजत होती. सासरे मात्र सगळ्यात खालचा भाग बघत होते, रंगाच्या थराखाली जिथे पत्र्याचे जोड पुसट दिसतात तिथे. ओठ हलत होते. पुटपुटत होते काहीतरी.

"काय म्हणताय, बाबा?"

"काही नाही. रंग बरा दिलाय, म्हटलं."

सामान तपासणीच्या पट्ट्यावर पिशव्या गेल्या. तिथला तपासनीस तरुण होता, जांभई देत होता. ती सवयीने दोन पावलं पुढे सरकली आणि तिरक्या नजरेने त्याच्या पडद्याकडे बघू लागली. तिची पिशवी गेली, भिंगरीची गेली, नवऱ्याची गेली. सासऱ्यांच्या चामडी पिशवीत, कपड्यांच्या मधोमध, एक आकृती उमटली: एका टोकाला खिळलेल्या अरुंद पोलादी पात्यांचा जुडगा. शेजारी एक हातभर पोलादी पट्टी. एक विजेरी. आणि काहीतरी बोटभर लांबीच्या कांड्या, पाच-सहा.

तरुणाची जांभई अर्धवट राहिली. "आजोबा, हे काय आहे?"

"चष्मा दुरुस्तीचं सामान," सासरे म्हणाले.

तरुणाने पाती बोटाने चाचपली. धार नव्हती. कागदासारखी पातळ, बोथट पाती. त्याने खांदे उडवले आणि पिशवी सोडून दिली.

तिने सोडली नसती. हातभर पट्टीने कुणी चष्मा दुरुस्त करत नाही. अकरा वर्षांत तिने खूप थापा ऐकल्या होत्या आणि थापा मारणारा माणूस नेमका काय करतो ते तिला पाठ होतं: तो उत्तर देऊन झाल्यावर लगेच दुसरीकडे बघतो. सासरे छताकडे बघत होते.

"तू पाहिलंस?" तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"काय?"

"बाबांच्या पिशवीत अवजारं आहेत."

"मग? तुझ्या पिशवीत जगभरची औषधं आहेत. प्रत्येकाचं काही ना काही असतं. सोड ना गं, सुट्टी आहे."

जहाजावर चढायच्या पुलाशी एक छायाचित्रकार उभा होता. सगळ्यांना हसा म्हणाला. त्या फोटोत, जो नंतर त्यांनी विकत घेतला, नवरा आणि भिंगरी दात दाखवताहेत, ती सासऱ्यांकडे बघतेय, आणि सासरे छायाचित्रकाराच्या डोक्यावरून आत, दाराच्या चौकटीकडे बघताहेत.

आत थंडगार हवा होती, मऊ संगीत होतं, ट्रेमधून सरबताचे ग्लास फिरत होते. तिने भिंगरीच्या ग्लासाचा आधी वास घेतला. समोर तोच जिना होता, माहितीपत्रकातला, दोन्ही बाजूंनी वळत खाली येणारा. सासऱ्यांनी सरबत घेतलं नाही. ते सरळ जिन्यापाशी गेले आणि कठड्याच्या पितळी दांडीखालून हात फिरवत फिरवत तीन पायऱ्या चढले. तिथे हात थांबला. बोटांना काहीतरी सापडलं असावं. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बाबा, बसता का जरा?"

"केबिन कुठल्या मजल्यावर आहे आपली?"

"पाचव्या."

"चौथ्याच्या वर," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे डोक्यावरच."

कशाच्या डोक्यावर, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. समोरचा माणूस सावध झाला की हातात काहीच लागत नाही, हे ती जाणून होती.

केबिन म्हणजे दोन खोल्या, मध्ये दार. एकीत ती आणि नवरा, दुसरीत सासरे आणि भिंगरी. नवरा पलंगावर आडवा पडून "वा, वा" करत होता. तिने कपाटं उघडली, न्हाणीघरातला नळ सोडून बघितला, खिडकीचा खटका हलवून बघितला. मग भिंगरीला शोधायला बाहेर आली तर भिंगरी बोळातून डोळे मिटून चालत होती, एक हात भिंतीला लावून. तोंडाने मोजणी चालू होती.

"पाच, सहा, सात. मग कोपरा. मग जिना."

"काय करतेस गं?"

भिंगरीने डोळे उघडले आणि लगेच जीभ चावली. "काही नाही."

"भिंगरे."

"सांगायचं नाही म्हणाले आजोबा."

ती गुडघ्यांवर बसली, मुलीचे दोन्ही खांदे धरले. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "मला सांगितलेलं चालतं. काय म्हणाले?"

"घंटा वाजली आणि दिवे गेले तर उजवीकडे जायचं. सात दारं, मग कोपरा, मग वर. डावीकडे कधी म्हणजे कधीच जायचं नाही. मला डोळे मिटून तीनदा करायला लावलं." भिंगरी जरा घुटमळली. "आई, दिवे जाणार आहेत का?"

"नाही गं बाई. खेळ आहे तो."

"आजोबा खेळासारखे नव्हते बोलत."

आता मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहिना. काहीतरी होणार आहे हे माहीत असलेला माणूसच असं बोलतो. अवजारं घेऊन जहाजावर चढलेला, कागद लपवणारा, नातीला अंधारात पळायला शिकवणारा. तिने सासऱ्यांच्या खोलीत डोकावून बघितलं. खोली रिकामी होती. चामडी पिशवी पलंगावर उघडी पडली होती. कपडे होते. जुडगा, पट्टी, विजेरी, कांड्या यांपैकी काहीच नव्हतं.

नवरा घोरायला लागला होता. त्याला उठवून काय सांगणार होती ती? तुझे वडील काहीतरी करायला गेलेत, काय ते ठाऊक नाही? तिने भिंगरीला आत ढकललं. "बाबांजवळ बस. हलायचं नाही." आणि ती निघाली.

डावीकडे. कधीच जायचं नाही तिकडे.

कोपऱ्यावर एक अरुंद जिना खाली जात होता. चौथ्या मजल्यावर गालिचा नवा होता, जाडजूड, निळा, गोंदाचा वास अजून गेला नव्हता. बोळ लांब आणि रिकामा. ठरावीक अंतरावर भिंतीला चिकटवून उघडी ठेवलेली जड दारं होती. त्यातल्या शेवटच्या दाराशी सासरे गुडघे टेकून बसले होते. विजेरी तोंडात धरलेली. आणि दोन्ही हातांची बोटं पांढऱ्या भुकटीने माखलेली.

पांढरी भुकटी. अकरा वर्षं याच गोष्टीसाठी तिचं प्रशिक्षण झालं होतं, आणि ती नेमकी आपल्या सासऱ्यांच्या बोटांवर दिसावी!

"बाबा!"

ते दचकले, विजेरी खाली पडली. आणि त्याच क्षणी तिच्या मागून आवाज आला, "इथे काय चाललंय?"

जहाजाचा पहारेकरी होता, रुंद खांद्यांचा, कमरेला वॉकीटॉकी. त्याने आधी भुकटी बघितली, मग पोलादी पाती. हात वॉकीटॉकीकडे गेला.

तिला वाटलं होतं की अशा वेळी आपण बाजूला सरकू, जसं कामावर सरकतो, आणि अधिकाऱ्यांना त्यांचं काम करू देऊ. पण ती मध्ये जाऊन उभी राहिली. "सासरे आहेत माझे. तुम्ही बोलवा ज्यांना बोलवायचं त्यांना. पण आधी मला विचारू द्या." आणि वळून म्हणाली, "बाबा, बास आता. चष्म्याचं काही सांगू नका. खरं काय ते सांगा."

सासऱ्यांनी हात पुढे केला. "खडू आहे," ते म्हणाले. "नुसता खडू. चौकटीच्या कडेला लावायचा, दार मिटायचं, उघडायचं. दाराला सगळीकडे पांढरी रेघ उठली तर दार बसलं. मध्ये कुठे तुटली तर तिथे फट. किती ते या पात्यांनी मोजायचं."

"पण कशाला?"

त्यांना उठता येईना. तिने हात दिला. उभे राहिल्यावरही त्यांनी तो हात सोडला नाही.

"हे जहाज आमचं आहे," ते म्हणाले. "नाव तीनदा बदललंय, रंग बदललाय. पण जिना आमचा आहे. कठड्याखाली आमच्या कारखान्याचा शिक्का आहे, आत्ता हाताला लागला. चौथ्या मजल्यावर आगीची बारा दारं. आग लागली की वरून कळ दाबायची, दारं आपोआप मिटतात, धूर पलीकडे जात नाही. बाराही तपासून सही करायची होती मला. अकरा झाली. बाराव्यापाशी आलो आणि फाटकावरून निरोप आला की हिला दवाखान्यात नेलंय. तुझ्या सासूबाईंना. पहिलटकरीण होती. मी कागदावर बाराव्या चौकोनात बरोबरची खूण केली, सही केली आणि पळालो. दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिसऱ्या दिवशी आलो तर जहाज गेलेलं."

"किती वर्षं झाली याला?"

"तुझा नवरा छत्तीसचा आहे ना?"

पहारेकऱ्याचा हात वॉकीटॉकीवरच होता, पण बोलायचं तो विसरला होता.

"दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला घरात सगळे हसतात," सासरे म्हणाले, "आणि मला ते दार दिसतं. कुठे आग लागल्याची बातमी आली की आधी जहाजाचं नाव बघायचं. मग नावच बदललं, तेही बघता येईना. आणि हा पठ्ठ्या एवढी जहाजं सोडून हेच घेऊन आला. मी नको म्हटलं. कागद लपवले. पण काय सांगणार होतो त्याला? तुझ्या जन्माच्या नादात मी न बघता सही केली? तुम्ही जाणारच म्हटल्यावर मी घरी बसून काय करू?"

पहारेकऱ्याने शेवटी बोलावलं ती जहाजाची सुरक्षा अधिकारी. चाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, पायात रबरी तळव्यांचे बूट. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. विश्वास ठेवला असंही दिसेना. सुनेला ते चेहऱ्यावरून कळलं, कारण तीही कामावर असाच चेहरा करायची. मग अधिकारी हातातल्या टॅबवर बोट फिरवू लागली.

"चौथा मजला, बारा नंबर," ती म्हणाली. "आजोबा, हे दार तुमचं नाही. चौदा वर्षांपूर्वी बोळाचं हे टोक रुंद केलं, तेव्हा चौकटीसकट बदललंय. ही पट्टी बघा, दुसऱ्या कंपनीची आहे."

सासऱ्यांनी पट्टीवर विजेरी मारली. बराच वेळ वाचत राहिले. अक्षरं चारच होती.

"जुन्याचं काय केलं?"

"भंगारात गेलं असणार."

"ते नीट बसत होतं का? काढताना कुणी काही लिहिलंय?"

"तसं काही लिहिलेलं नाही. काढलं, एवढंच आहे."

"म्हणजे ते बरोबर होतं की चूक, हे कळायचं नाही."

"नाही कळणार आता," अधिकारी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा मऊ झाला. "पण दुसरं नीट आहे. तुम्ही खडू लावलाय, तुम्हीच बघितलंय. चला वर. चारला सगळ्या प्रवाशांचा आगीचा सराव आहे, तुमचे लोक शोधत असतील."

सुनेला वाटलं, बाबांना हलकं वाटेल. पण ते एकदम थकल्यासारखे दिसू लागले. इतकी वर्षं ज्या दाराचा धसका घेतला ते दार केव्हाच जगातून गेलं होतं. त्यांनी पाती जुडग्यात मिटवली, खडूची कांडी रुमालात गुंडाळली आणि भिंतीला हात लावत चालू लागले. ती शेजारून चालत होती. तिच्या मनात अकरा वर्षांतली एक दुपार येऊन गेली. भिंगरीला ताप होता, शाळेतून फोन आला होता, आणि पट्ट्यावरून तीन पिशव्या नुसत्याच पुढे सरकल्या होत्या. काही झालं नव्हतं. ती कुणालाच बोलली नव्हती. आत्ताही नाही बोलली.

ते आधीच्या दारापाशी आले आणि घंटा वाजली. सात छोटे ठोके, एक लांब. सरावाची घंटा. त्याबरोबर भिंतीतलं काहीतरी खट्कन सुटलं आणि एकामागून एक दारं आपल्या आपण मिटू लागली. मागे धप्, पुढे धप्. त्यांच्या शेजारचंही निघालं, सावकाश, जड, गालिच्यावरून खरखरत आलं, आणि चौकटीपासून वीतभर अलीकडे थांबलं.

सगळे त्या फटीकडे बघत राहिले.

"अकरा," सासरे म्हणाले. चौकटीच्या वर कोपऱ्यात, रंगाच्या पाच-सहा थरांखाली आकडा ठोकलेला होता. "हे आमचं. हे मी तपासलं होतं. दोनदा."

"हाताने ढकललं की बसेल," पहारेकरी म्हणाला आणि त्याने खांदा लावून ते बसवलंही.

"धुरात कुणाचा हात?" सासरे म्हणाले. थकवा कुठल्या कुठे गेला होता. ते खाली बसले, दाराखाली पोलादी पट्टी सरकवली. ती गेली नाही. "दाराचा दोष नाही. हा गालिचा. याची जाडी बघा. जुना काढून हा घालताना दार कुणी मिटवून बघितलंच नाही. खालून घासतंय."

अधिकारी स्वतः खाली वाकली. पट्टी घेतली, स्वतः सरकवून बघितली. मग टॅब काढून त्यात शोधू लागली, आणि तिच्या कपाळावर आठी उमटली.

"गालिच्यानंतर सगळी दारं तपासायला सांगितली होती मी," ती म्हणाली. "काल सही झालीय. सगळी बरोबर आहेत म्हणून."

मग सासरेच म्हणाले, "त्या माणसाला ओरडू नका. म्हणजे ओरडा. पण आधी विचारा, घाई कसली होती."

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि वरच्यांना सांगितलं की ती सांगेपर्यंत जहाज धक्का सोडणार नाही.

पुढचा दीड तास फार गमतीचा गेला. सुतार आले, पातं घेऊन दाराखालचा गालिचा पट्टीच्या मापाने कापला गेला. माप सासऱ्यांनी दिलं. सुतारांपैकी एकाने ते परत मोजलं, तेव्हा सासऱ्यांना तो माणूस आवडला. मग सगळ्या मजल्यांवरची दारं एकेक करून सोडून बघितली, तर आणखी दोन अडकणारी निघाली. एक सहाव्या मजल्यावर होतं. दुसरं पाचव्यावर, त्यांच्याच बोळात, कोपऱ्याच्या आधी. ते बघताना सुनेच्या लक्षात आलं की भिंगरीला पळायला शिकवलेली वाट त्याच दारातून जात होती.

वर गच्चीवर वेगळंच चाललं होतं. जहाज सुटायची वेळ टळून गेली होती, बँड वाजून वाजून थकला होता आणि लोक कारणं शोधत होते. ती पोचली तेव्हा नवरा लाइफ जॅकेट घालून तावातावाने चौघांना समजावत होता.

"कप्तान उठला नसणार हो. माझ्याकडे शिकायला एक जण आहे, तोही असाच."

"कुठे होतीस?" तिला बघून तो म्हणाला. "आणि बाबा? मी सगळीकडे शोधलं! जहाजवाल्यांना कळायला नको का, लोक इथे ताटकळलेत?"

"बाबा येताहेत," ती म्हणाली. "आणि त्यांना काहीतरी सांगायचंय तुला. मी सांगणार नाही. त्यांनीच सांगायला हवं."

"काय झालंय? तुझा चेहरा असा का?"

"काही वाईट नाही. म्हणजे आता नाही."

त्यांनी ते जेवायच्या टेबलावर सांगितलं. जहाज तोवर सुटलं होतं, सूप येऊन गार होत होतं. सासऱ्यांना गोष्ट सांगायची सवय नव्हती. तपासणीचा अहवाल वाचावा तसं त्यांनी सांगितलं: तारीख, दारांची संख्या, निरोप किती वाजता आला, सही कुठल्या शाईने केली. कागद लपवल्याचंही सांगितलं. भिंगरी तोंड उघडं टाकून ऐकत होती. नवरा चमचा हातात धरून बसला होता, तो ना सुपात जात होता ना खाली.

"मग पोचलात का तुम्ही?" त्याने शेवटी विचारलं. "मी यायच्या आत?"

"नाही." सासऱ्यांनी हातरुमालाची घडी सरळ केली. "तू वीस मिनिटं आधीच आला होतास. नर्स म्हणाली, आता निवांत बसा."

"म्हणजे दार बघितलं असतंत तरी चाललं असतं."

"तेच तर."

नवऱ्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग दाबता येईना तसं. सासरे त्याच्याकडे जरा रागाने बघत होते, मग त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला. नवऱ्याने टेबलावरून हात पुढे करून बापाचं मनगट धरलं. "बाबा, एकदा तरी बोलायचंत ना. निदान आईला."

"तिला माहीत होतं."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, जाऊन बघून या. कुठे जाऊन बघू? जहाज सापडायला नको?"

भिंगरीने विचारलं की मग आता उद्या आपण काय करायचं, आणि तिचे आजोबा म्हणाले की पोहायचा तलाव बघू, पण वरच्या गच्चीचा कठडा त्यांच्या कारखान्याचा नाही, कुणी बसवलाय कोण जाणे, मधोमध अर्धा इंच वाकडा आहे. नवरा म्हणाला, बाबा, वाकडा असू दे. ते म्हणाले, असू दे.

जेवण उरकून सगळे उठले तेव्हा सून सासऱ्यांच्या बरोबरीने चालू लागली. बाकीचे दोघे पुढे गेले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

त्यांनी खरोखरच विचार केला, चार पावलं.

"नाही," ते म्हणाले, आणि तिच्याकडेच बघत राहिले.

तिने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला, आणि तिला ते पटलं.